चिकाची वात

धार काढणारा गडी सोडून गेला तो थोरलीच्या तोंडापायी. उन्हाळा असा पेटलेला, जनावरं जिभा बाहेर काढून उभी, दूध रोज थोडं थोडं उतरत चाललेलं, आणि नेमकं अशा वेळी थोरली त्याला सगळ्यांदेखत म्हणाली, "तुझ्या हाताला गाय पान्हा देत नाही, त्यात गाईची काय चूक? मीही दिला नसता." गोठ्याबाहेर दुधासाठी भांडी घेऊन उभे असलेले लोक खो खो हसले. गड्याने बादली आहे तिथे ठेवली, हौदावर पाय धुतले, चपला घातल्या आणि चालता झाला. परत येईल म्हणून थोरलीने दोन दिवस त्याच्या वाटणीच्या गाई स्वतः पिळल्या. तो आला नाही. शेजारच्या गावातल्या गोठ्यावर लागला, तेही मजेत.

गावात या घराला गवळ्याचं घर म्हणत आणि घरातल्या दोघींना थोरली गवळण आणि धाकटी गवळण. थोरली म्हणजे सासू, धाकटी म्हणजे सून. मध्ये एकटा गवळी, एकीचा मुलगा आणि दुसरीचा नवरा. दोघींचं काही वाजायला लागलं की तो मुकाट्याने दुधाचे कॅन घासायला बसायचा. त्या घरातले कॅन नेहमी आरशासारखे चकचकीत असत.

धाकटीला सातवा लागला होता. गड्याच्या गाई तिच्याकडे आल्या. नको कोण म्हणणार, आणि म्हणून करणार काय, सड तटतटून गाई हंबरायला लागल्या की माणसाला बसावंच लागतं. ती उकिडवी बसायची, कपाळ गाईच्या पोटाला टेकवायची, गुडघ्यांत बादली धरायची, आणि बादली आणि छाती यांच्या मधे तिचं पोट कसंबसं मावायचं. कंबर भरून यायची. लघवीला जळजळ व्हायची. अंगात कणकण असायची. तिने एकदा सांगून पाहिलं.

"आत्याबाई, लघवीला फार जळतं हो."

"उन्हाळा आहे. पाणी पी," थोरली म्हणाली. ती वैरण तोडत होती आणि तिचं कोयत्यावरून लक्ष हललं नाही. तिच्या मनात दुष्टपणा नव्हता. तिने स्वतः गवळी पोटात असताना अशाच धारा काढल्या होत्या, आणि आपल्याला झेपलं ते सगळ्यांना झेपतं असं मानणाऱ्यांपैकी ती होती. अशी माणसं घरोघरी असतात आणि त्यांना समजावणं देवालाही जमत नाही.

एका सकाळी धार काढता काढता धाकटीचे पाय एकदम ओले झाले. गाईने बादली लाथाडली असं तिला वाटलं. तिने खाली पाहिलं. बादली जागच्या जागी होती, दूधही तसंच होतं. मग तिला कळलं आणि ती ओरडली.

दुधाच्या गाडीतच तिला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. गाडी खड्ड्यात गेली की कॅन एकमेकांवर आपटायचे, आणि प्रत्येक वेळी थोरली ड्रायव्हरला शिव्या घालायची आणि सुनेचा हात आणखी घट्ट धरायची.

पोट फाडावं लागलं. मुलगी झाली. वेळेच्या दोन महिने आधी आलेली. डोकं लिंबाएवढं वाटावं, कातडी इतकी पातळ की आतल्या निळ्या शिरा दिसाव्यात. सव्वा किलोही भरली नाही. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकाला नळी, तोंडात नळी, हाताला सुई. थोरलीने काचेतून पाहिलं आणि म्हणाली, "हे बाळ आहे की मापटं?" म्हणून तिचं नाव मापटं पडलं. थट्टा करून झाल्यावर थोरली जिन्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि बराच वेळ परत आली नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि चालता चालता बोलायच्या. त्यांच्यामागे धाकटी पोटाचे टाके सांभाळत चालत होती आणि थोरली दोघींच्या मागून.

"लवकर आलेल्या बाळाचं सगळंच कच्चं असतं. फुप्फुसं कच्ची, आतडी कच्ची. आतड्यांचं आतलं अस्तर अजून तयार नाही. त्यात जंतू शिरले तर आतडं सुजतं, सडतं, कधी कधी फुटतंसुद्धा. म्हणून बाळाला फक्त आईचं दूध. तेही थेंबाने. वरचं दूध नाही, मध नाही, पाणी नाही. कळलं?"

"कळलं," धाकटी म्हणाली.

"कळलं," थोरलीही म्हणाली. कळलं म्हणजे तिला तिच्या पद्धतीने कळलं.

अडचण अशी की धाकटीला दूधच येईना. हॉस्पिटलातलं पिळायचं यंत्र छातीला लावलं की ते घरघर करायचं, तिचे डोळे पाण्याने भरायचे, आणि वाटीच्या तळाशी चमचाभर जमायचं. तेवढं घेऊन ती दोन्ही हातांनी वाटी धरून पेट्यांच्या खोलीपर्यंत जायची. तिथली सिस्टर जाडजूड, कडक, आवाज भसाडा, पण हात असे हलके की पेटीतल्या बाळाची झोप मोडायची नाही. सिस्टर ते दूध सिरिंजमध्ये ओढायची आणि नळीतून सोडायची.

"एवढंच?" थोरलीने विचारलं.

"एवढंच."

"मुंगीसुद्धा उपाशी मरेल हो."

"मुंगीला सलाइन लावलेलं नसतं, आजी. हिला लावलंय. चला, बाहेर."

शेजारच्या पेटीतल्या मुलाची आई शिंपीण होती. ती आधीपासून तिथे असल्यामुळे आता जुनीजाणती झाली होती. ती धाकटीला म्हणायची, "मनाला लावून घेऊ नकोस. माझ्या पोरालाही आधी नळ्यांनीच टाचून ठेवलं होतं. आता बघ, एकेक टाका उसवतायत." धाकटी हसायची आणि पुन्हा व्हरांड्यात फेऱ्या मारायला लागायची. तिला एका जागी बसवतच नव्हतं. पाय सुजले तरी चालायची, आडवी झाली की लगेच उठायची. मध्येच तिला वाटायचं, पेटीचा आवाज थांबला, आणि ती धावत काचेपाशी जायची.

घरी त्याच आठवड्यात कबरी गाय व्याली.

थोरली धारांपुरती घरी जात होती आणि दुधाच्या गाडीने परत येत होती. कबरीचं वासरू चाटून झाल्यावर उठलं, धडपडत कासेला लागलं आणि पहिला चीक पिऊ लागलं. घट्ट, पिवळा, हाताला चिकटणारा. थोरली बघत राहिली. तिच्या डोक्यात मागच्या थंडीतली कालवड होती. ती अशीच दिवस भरायच्या आत पडली होती, कानावर केस नाहीत, पाय गोळा झालेले, आणि आई वितानाच मेलेली. सगळे म्हणाले, सोडून दे. थोरलीने दुसऱ्या गाईचा चीक आणला, कापडाची वात बुडवून तिला चोखवली, आपल्या अंथरुणाशेजारी पोत्यावर निजवली. ती कालवड आज दावं तोडून पळते.

आणि चीक म्हणजे काही दूध नव्हे. गवळ्याच्या घरात हे कोणाला शिकवावं लागत नाही. चीक मापात धरत नाहीत, कॅनमध्ये ओतत नाहीत, डेअरीवाला तो घेत नाही, गिऱ्हाईक मागत नाही. चीक वासराचा. दूध ते वेगळं, ते विकायचं. डॉक्टरीणबाईंनी वरचं दूध नको म्हटलं होतं. चिकाबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या.

"थोडा काढ," ती मुलाला म्हणाली.

गवळी घुटमळला. "आई, डॉक्टर म्हणाल्या ना..."

"तुझी वासरं डॉक्टरांनी वाढवली का?"

गवळ्याने चीक काढला. औषधाची एक छोटी बाटली उकळत्या पाण्यातून काढून तीत भरला, बूच लावलं आणि बाटली आईच्या हातात दिली. मग तो कॅन घासायला बसला.

दुपारी बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवायची वेळ असे. धाकटीला चक्कर यायची म्हणून सोबतीला थोरलीला आत सोडत. मापटं छातीवर पालथं पडलेलं, वरून चादर, आणि धाकटी श्वासही जपून घेत होती. सिस्टर पलीकडच्या पेटीकडे वळली. थोरलीने कनवटीची बाटली काढली. कापसाची वात बुडवली आणि बाळाच्या ओठांना लावली.

धाकटीने पाहिलं. वास तिने लगेच ओळखला. ती बोलू शकली असती. तिने सिस्टरच्या पाठीकडे पाहिलं, मग छतावरच्या पंख्याकडे पाहिलं आणि तिथेच पाहत राहिली. मोठं डोकं चालवून तिने ते केलं नाही. वाटीभर आसवं गाळून चमचाभर दूध निघत होतं, आणि बाळ तिच्या छातीवर उपाशी आहे असं तिला सारखं वाटत होतं. एवढंच.

मग छातीवर काहीतरी हललं. बारीकसं, चुटूचुटू.

"चोखतंय गं!" थोरली कुजबुजली. "बघ, चोखतंय."

"खरंच?"

"जीभ बघ कशी चालवतंय. मापटं नाही गं ही, खादाड आहे."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. त्या दुपारी धाकटीला जरा झोपही लागली. दुसऱ्या दिवशी थोरलीने पुन्हा वात लावली, तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तर धाकटीनेच विचारलं, "आणलंय ना?"

त्यानंतरच्या सकाळी धाकटी वाटी घेऊन गेली तर सिस्टरने वाटी घेतली नाही. ती बाळाच्या पोटाभोवती कापडी टेप धरून उभी होती. पोट वर आलं होतं, कातडी ताणून चकाकत होती. सिस्टरने नळीला सिरिंज लावून मागे ओढली तर आतून हिरवं पाणी आलं. मग तिने लंगोट उघडला. लंगोटावर शी थोडी आणि रक्त जास्त होतं.

"आजचं दूध बंद," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा भसाडा नव्हता.

चाकांवरचं एक्स-रेचं यंत्र आलं. सगळ्या आयांना बाहेर काढलं. पेटीवरचं यंत्र टुंई टुंई करत होतं, थांबत होतं, पुन्हा करत होतं. धाकटी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, वळली, पुन्हा चालली. शिंपीण तिच्याबरोबर चालत होती आणि आज तिला एकही थट्टा सुचत नव्हती. थोरली जिन्याच्या पायरीवर बसली होती. कनवटीवर हात दाबून.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. या वेळी त्या चालता चालता बोलल्या नाहीत, उभ्या राहिल्या.

"बाळाला बाहेरचं काही दिलंय का? कोणीही, एक थेंबसुद्धा?"

थोरलीने तोंड उघडलं आणि मिटलं. बाळाला उचलून बाहेर काढतील, घेऊन जा म्हणतील, ही भीती दोघींच्याही मनात एकदमच आली. धाकटीने सासूकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात गप्प न बसलेली ती बाई आज ओठ घट्ट मिटून बसली होती.

"दिलंय," धाकटी म्हणाली. "चीक. गाईचा. आमच्या घरच्या."

"कोणी दिला?"

"आम्ही."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले आणि उघडले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "ऐका. बाळ लवकर आलं, वजन कमी, ते पोटात असताना तुमच्या अंगात ताप आणि लघवीत जंतू. हे सगळे धोके होतेच. या आजाराला एवढीही कारणं पुरतात, काही न देतासुद्धा होतो. नेमकं कशामुळे झालं हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण वरच्या दुधाने धोका वाढतो. पहिल्याच भेटीत मी तेवढी एकच गोष्ट तुमच्या हातात दिली होती."

"चीक म्हणजे..." थोरली म्हणाली आणि थांबली.

"चीक म्हणजे गाईचं दूधच, आजी. वासराच्या पोटासाठी केलेलं."

आता पोटाला पूर्ण विश्रांती द्यायची, त्या म्हणाल्या. सुईतून औषध, सुईतूनच अन्न. आतडं आपोआप सावरलं तर ठीक. फुटलं तर ऑपरेशन, आणि एवढ्या जिवाचं ऑपरेशन म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. थोरलीला पेट्यांच्या खोलीत यायची बंदी झाली.

बंदी ऐकून थोरली उठली, "मला वाटलं..." एवढं पुटपुटली आणि जिना उतरू लागली. धाकटी तिच्या मागे पायऱ्यांपर्यंत गेली. तिथे तिचा बांध फुटला.

"तुम्हाला वाटलं! सगळं तुम्हाला वाटतं! गड्याला बोललात, तो गेला, त्याच्या गाई माझ्या अंगावर. लघवीला जळतं म्हटलं तर पाणी पी. माझ्या पोरीच्या तोंडात वात घातलीत तुम्ही!"

येणारेजाणारे थांबून बघू लागले. थोरली खालच्या पायरीवर उभी राहून ऐकत होती. पदर सावरायचंही तिला सुचलं नाही. "हो," ती म्हणाली. "मीच घातली." आणि खाली गेली.

धाकटीला आणखी ओरडायचं होतं, पण पुढचा शब्द तिला माहीत होता आणि तो तिचा स्वतःचा होता. 'आणलंय ना?' असं तिनेच विचारलं होतं. ती तिथेच बसली आणि रडली. संध्याकाळी गवळी आला तेव्हा तो थोरलीने घरी नेलेली बाटली घेऊन आला होता, घासून स्वच्छ केलेली. ती कशाला आणली हे त्यालाही सांगता येईना. "काढून मीच दिला," एवढंच तो म्हणाला. धाकटीने बाटली कचऱ्यात टाकली.

बाळाचं पोट रोज सकाळी टेपने मोजलं जायचं. एक दिवस थोडं उतरलं, दुसऱ्या दिवशी तेवढंच, मग पुन्हा थोडं उतरलं. सिस्टर आकडा सांगायची नाही, नुसती मान हलवायची, आणि धाकटी त्या मानेवर दिवस काढायची. नळीतून येणारं पाणी हिरव्याचं पिवळट झालं, मग नितळ.

"आता नीट ऐक," सिस्टर तिला म्हणाली. "हिला पुन्हा दूध सुरू केलं की पहिलं जाईल ते तुझं. दुसरं काही मी आत जाऊ देणार नाही, डब्याची पावडरसुद्धा नाही. पण तोवर तुझं आटलं तर मी काय नळीतून सोडू? बाळ पीत नसलं तरी तू काढत राहायचं. दिवसभर. आम्ही फ्रिजमध्ये ठेवतो."

म्हणजे आता सगळं तिच्या छातीवर आलं. आणि छाती ऐकेना. यंत्र लावलं की दुखायचं, काढलं की दुखायचं, आत गाठी झाल्या, कातडी लाल, गरम, अंगात पुन्हा ताप. वाटी कोरडी. ती शिंपिणीने दिलेलं गरम फडकं लावायची, पाणी प्यायची, देवाला शिव्या द्यायची, पुन्हा यंत्र लावायची. सिस्टरने एकदा हाताने पिळून दाखवलं, पण दहा पेट्या आणि एक सिस्टर, तिला बसायला सवड कुठली. एका दुपारी वाटीत दुधाऐवजी रक्ताचा थेंब पडला. धाकटी त्या थेंबाकडे बघत बसली. दूध सुरू करायची वेळ येणार आणि आपण रिकाम्या असणार, हे तिला स्वच्छ दिसलं.

थोरली रोज येत होती. सकाळच्या धारा आटोपून दुधाच्या गाडीने यायची आणि फाटकाजवळच्या बाकावर बसायची. ऊन बाकावर आलं की जमिनीवर सावलीत सरकायची. डबा रखवालदाराच्या हाती वर पाठवायची. तो तसाच परत यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवायची. रखवालदार एकदा म्हणाला, "बाई, मीच खातो ना, वाया कशाला?" "खा," थोरली म्हणाली. तेव्हापासून रखवालदाराचं बरं चाललं होतं.

त्या दुपारी धाकटी फाटकापर्यंत आली. तिला नीट चालवत नव्हतं. हात अंगापासून दूर धरून ती चालत होती, काखेत गळू असल्यासारखी. थोरली उठून उभी राहिली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सॉरी म्हणायला धाकटी आली नव्हती आणि ऐकायलाही नव्हती.

"दगड झालेत," ती शेवटी म्हणाली. "निघत नाही."

थोरलीने एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबली. "मी हात लावू?"

"म्हणून तर आलेय."

आयांसाठी पडदा लावलेली एक खोली होती. सिस्टरने थोरलीला दारातच अडवलं. मग धाकटीकडे पाहिलं, तिच्या लाल छातीकडे पाहिलं आणि साबण पुढे केला. "कोपरापर्यंत. नखांत ब्रश. मी बघतेय." थोरलीने हात धुतले. नखं घासली, पुन्हा धुतले. सिस्टर म्हणाली, बास, तरी तिसऱ्यांदा धुतले. त्या हातांनी हजारो धारा काढल्या होत्या आणि आता ते नळाखालून निघायला तयार नव्हते.

धाकटीने पदर बाजूला केला आणि भिंतीकडे बघितलं. आपल्या सासूसमोर अशी उघडी बसलेय आणि ती आपल्याला पिळणार, या कल्पनेनेच तिच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. पलंगाच्या पलीकडे शिंपीण आपलं यंत्र लावून बसली होती आणि मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती.

"ओढायचं नसतं," थोरली हळू म्हणाली. "तुला ओढायला लावलं त्या यंत्राने. मागून पुढे आणायचं." गरम फडकं तिने आधी मागच्या बाजूने धरलं. मग बोटं सपाट ठेवून काखेपासून हळूहळू पुढे आणली, गाठ लागली की थांबली, तिथेच गोल गोल फिरवली. धाकटी कळवळली. पाय आपटला.

"हो, हो, हो... उभी राहा माझी बाय... सोड, सोड..."

धाकटीने झटकन मान वळवली. "मी गाय नाही!"

थोरली दचकली. तिच्या तोंडून ते सवयीने गेलं होतं, रोज सकाळी जसं जातं तसं. "नाही गं," ती घाईने म्हणाली, "गाय कशी असशील. गाय असतीस तर एव्हाना लाथ घातली असतीस."

खिडकीबाहेर बघणाऱ्या शिंपिणीचे खांदे हलायला लागले. धाकटीलाही हसू आलं. नको असताना आलं, आवरेना, पोटातून उसळत आलं, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते तिचं तिलाच कळलं नाही. ती सासूच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देत होती, थोरलीही रडत होती, आणि थोरलीचे हात मात्र आपलं काम करत होते. गाठ सुटली. वाटीत चरचर आवाज झाला.

"भरली," सिस्टर पडद्यातून डोकावून म्हणाली. "दुसरी घ्या."

त्यानंतर थोरली दिवसभर तिथेच राहू लागली. धारांना गवळी एकटा पडला, तेव्हा तो शेजारच्या गावी जाऊन त्या गड्याच्या हातापाया पडला. गडी आला, पण थोरलीने आपल्याशी बोलायचं नाही या अटीवर. थोरलीने ती अट कबूल केली. पेट्यांच्या खोलीत तिला अजूनही बंदीच होती. ती पडद्याच्या खोलीत यायची, हात धुवायची, काम करायची आणि पुन्हा खाली बाकावर जाऊन बसायची. बाळाबद्दल ती विचारायची नाही. धाकटीच्या चेहऱ्याकडे बघायची आणि त्यावरून काय ते समजून घ्यायची.

पोट मऊ झालं. एक्स-रे बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघू या. फ्रिजमधलं दूध काढलं, कोमट केलं, आणि सिस्टरने नळीतून सोडलं ते इतकं थोडं की सिरिंज ओली झाली एवढंच. मग वाट पाहिली. पुढच्या वेळी सिस्टरने सिरिंज मागे ओढली तर आत काही शिल्लक नव्हतं. पचलं होतं. पुन्हा थोडं दिलं, पुन्हा वाट पाहिली. डॉक्टरीणबाईंनी मात्र हसून दाखवलं नाही. "शी होऊ दे," त्या म्हणाल्या. "शी बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही. आतडं कुठे आकसलं असेल तर तिथे कळेल."

तो दिवस गेला. शी झाली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत धाकटीने व्हरांडा तुडवून काढला. लंगोट कोरडा. पोटावर सिस्टरने हात ठेवला, दाबून पाहिला, काढला. पेटीतल्या पोरीने तोंड वाकडं केलं, पाय पोटाशी घेतले, चेहरा लालबुंद केला, आणि धाकटी काचेला नाक लावून उभी राहिली. यंत्राचा आवाज तसाच चालू होता. मग पोरीचा चेहरा सैल पडला.

सिस्टरने लंगोट उघडला. वाकून बघितला. उजेडाकडे धरला.

"घे," ती म्हणाली. "बघ तुझं तूच."

धाकटीने तो घेतला, बघितला, आणि तसाच घडी करून धावत सुटली. "अगं, ते कुठे नेतेस! कचऱ्याची लाल बादली इकडे आहे! बाई!" सिस्टर मागून ओरडत होती. धाकटी जिना उतरली, टाके ओढले गेले तरी उतरली, रखवालदाराला ढकलून फाटकाजवळच्या बाकापाशी गेली आणि धापा टाकत तो लंगोट तिने थोरलीसमोर उघडला.

गोठ्यात पहाटे शिरल्यावर थोरली आधी शेण बघते, मग जनावर. तिने लंगोट दोन्ही हातांत घेतला. उन्हात धरला. बोटाने जरासं पसरवून बघितलं, नाकापाशी नेलं, पुन्हा उन्हात धरलं. येणारेजाणारे तोंड वळवून चालले होते.

"पिवळं आहे," ती म्हणाली.

"हो."

"रक्त नाही."

"नाही."

"पिवळंच आहे गं," थोरली म्हणाली आणि बाकावरून खाली, मातीत बसली. लंगोट मांडीवर उघडाच होता. ती तोंड उघडं टाकून, लाज सोडून, लहान पोरासारखी रडायला लागली.

धाकटी तिच्याजवळ उभी राहिली. ब्लाऊज पुढून ओला होत चालला होता, तिकडे तिचं आत्ता लक्ष गेलं. तिने थोरलीच्या दंडाला धरलं.

"उठा आत्याबाई," ती म्हणाली. "हात धुवा. भरून आलंय."